एकविशीच्या आतल्यांनी कुठे वाजवायचं?

३१ ऑक्टोबर १९८१ ला, हॅलोविनच्या दिवशी, शनिवार होता. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात लॉस एंजेलिसचा ‘फिअर’ हा पंक बँड वाजवत होता. जॉन बेलुशी या विनोदी नटाने आग्रह धरून त्यांना तिथे आणलं होतं. मंचासमोर नाचायला वॉशिंग्टनहून पोरं आली होती, त्यांत ‘मायनर थ्रेट’चा गायक इयन मॅकाय होता. पोरं एकमेकांवर आदळू लागली, मंचावरून उड्या मारू लागली आणि गाणं संपायच्या आत वाहिनीने प्रक्षेपण दुसरीकडे वळवलं. त्याच दिवशी शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, लोडाय या छोट्या गावातल्या ‘मिसफिट्स’ने आपली नवी तबकडी बाहेर आणली. तिचं नाव ‘हॅलोविन’. ती काढणारी कंपनीही बँडच्या गायकाची, ग्लेन डॅनझिगचीच होती.

फिअरच्या धिंगाण्याची चर्चा खूप झाली. पण पंक आणि हॅलोविन यांचं नातं समजून घ्यायचं तर लोडायकडे पाहावं लागतं. कवट्या, वटवाघळं आणि रंगवलेलं रक्त ही या नात्याची वरवरची बाजू आहे. गावातल्या मुलांनी गावातल्याच मुलांसमोर, परवडणाऱ्या तिकिटात आणि वयाची अट न घालता वाजवावं, अशी ही वर्षातली हक्काची रात्र असते. ज्या छोट्या जागांमुळे ती रात्र शक्य होते त्या टिकवणं हे समाजाचं काम आहे. अमेरिकेत तसं आहे आणि आपल्याकडेही.

मिसफिट्सची सुरुवात १९७७ ची. नाव घेतलं मेरिलिन मन्रोच्या १९६१ च्या चित्रपटावरून, आणि बँडची ओळख बनलेली कवटी १९४६ च्या ‘द क्रिमसन घोस्ट’ या क्रमशः दाखवल्या जाणाऱ्या पटातून. स्वस्तात बनलेले जुने भयपट आणि विज्ञानपट यांच्यावर या पोरांचा पिंड पोसला होता, गाणी त्यातूनच आली. मोठ्या कंपनीची वाट न पाहता डॅनझिगने ‘प्लॅन ९’ हे स्वतःचं लेबल काढलं. त्याचंही नाव एड वूडच्या एका पडेल विज्ञानपटावरून घेतलेलं. ३१ ऑक्टोबर १९७९ ला न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग प्लाझात त्यांचा कार्यक्रम झाला, आणि ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ ही तबकडीही त्याच दिवशी आली. हॅलोविनचा कार्यक्रम पुढे त्यांचा वार्षिक रिवाजच झाला.

शेवटही त्याच आठवड्यात आला. २९ ऑक्टोबर १९८३ ला डेट्रॉइटच्या ग्रेस्टोन हॉलमध्ये नव्या ड्रमरला इतकी चढली होती की गिटारवादक डॉइलने त्याला मंचावरून खाली नेलं. त्याच रात्री वाजवणाऱ्या ‘नेक्रॉस’ या बँडच्या टॉड स्वाला याने ड्रमवर बसून उरलेला कार्यक्रम निभावून नेला. हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचं डॅनझिगने मंचावरूनच जाहीर केलं. जगभरात नाव झालं ते नंतर. १९८७ मध्ये ‘मेटालिका’ या बँडने त्यांची दोन गाणी जोडून ध्वनिमुद्रित केली, आणि २०१६ मध्ये जुनी मंडळी एकत्र आली तेव्हा महोत्सवाची मैदानं भरली. पण ज्या सहा वर्षांत ही गाणी घडली, त्या वर्षांत त्यांना आधार होता तो क्लबांचा आणि भाड्याने मिळणाऱ्या सभागृहांचाच.

आजच्या गावपातळीवरच्या पंक बँडचा ऑक्टोबर साधारण असाच जातो. एरवी मंगळवारच्या रात्री पंधरा माणसांसमोर वाजवणाऱ्या बँडला या पंधरवड्यात दोन-तीन ठिकाणांहून बोलावणी येतात. तमाशाचा फड जसा गावजत्रांच्या सुपाऱ्यांवर वर्षाची बेगमी करतो, तसा हा हंगाम छोट्या बँडच्या व्हॅनचं पेट्रोल आणि पुढच्या तबकडीचा खर्च काढून देतो. एका रात्री चार-पाच बँड, प्रत्येकाला वीस ते तीस मिनिटं. ड्रमकिट आणि मोठे अँप एकाच बँडने आणायचे आणि सगळ्यांनी वापरायचे. दारावर जमलेल्या पैशांतून आधी बाहेरगावच्या बँडला द्यायचे, आणि गावातल्या बँडने आपला वाटा बऱ्याचदा सोडून द्यायचा. हे कुठल्या करारात लिहिलेलं नसतं. पुढच्या महिन्यात आपण त्यांच्या गावी जाऊ तेव्हा ते आपल्यासाठी हेच करतील, या भरवशावर ते चालतं.

हॅलोविनला यात सोंगांची भर पडते. गावातले बँड त्या रात्रीपुरते दुसरेच बँड होतात. कुणी रमोन्स होतं, कुणी ब्लॅक फ्लॅग, कुणी मिसफिट्स. फक्त त्यांची गाणी, त्यांचे कपडे, त्यांचे केस. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल या विद्यापीठाच्या गावात २००२ पासून ‘द फेस्ट’ हा पंक महोत्सव होतो. आता तो ऑक्टोबरच्या अखेरीस भरतो आणि गावभरच्या छोट्यामोठ्या जागांत बँड वाजवतात. सोंगं आणि उसनी गाणी हा तिथलाही आवडता भाग आहे. नवशिक्या बँडला दुसऱ्याची दहा गाणी नेटकी बसवताना जे शिकायला मिळतं, ते कुठल्या वर्गात मिळत नाही. मुखवट्यातून गिटारचे पडदे दिसत नाहीत, घामाने रंग डोळ्यांत उतरतो, झगा वायरीत अडकतो, धुराच्या यंत्रामुळे आगीची घंटा वाजते. तरीही ठेका सुटू द्यायचा नाही. मंचावर उभं राहण्याचं हे शिक्षण आहे, आणि ते सोळाव्या वर्षी मिळालं तर आयुष्यभर पुरतं.

खरा प्रश्न इथेच आहे. अमेरिकेत तेरा-चौदा वर्षांचं मूल हॅलोविनला दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागायला थोराड ठरतं. १९८४ च्या संघीय कायद्यानंतर एकेका राज्याने दारू पिण्याचं किमान वय २१ केलं, आणि बहुतेक संगीत बारमध्येच वाजत असल्यामुळे एकविशीच्या आतल्यांना बऱ्याच ठिकाणी दारावरूनच परत पाठवलं जातं. मधली सात-आठ वर्षं मुलांनी हॅलोविनला जायचं कुठे? ज्या वयात संगीत सर्वांत खोल रुजतं, नेमक्या त्याच वयाला संगीताच्या जागेचं दार बंद असतं.

पंकने या प्रश्नावर फार पूर्वीच उत्तर शोधलं. मॅकायचा ‘मायनर थ्रेट’आधीचा बँड ‘टीन आयडल्स’ १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहे गार्डन्समध्ये वाजवायला गेला. तिथे अल्पवयीन मुलांना आत सोडताना त्यांच्या हातावर काळी फुली मारली, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही. पोरांनी ही युक्ती वॉशिंग्टनला नेली आणि तिथल्या क्लबाला पटवून दिली. पुढे हीच फुली व्यसनापासून दूर राहण्याचा निर्धार करणाऱ्या तरुणांची खूण झाली. मॅकायने नंतर ‘फुगाझी’ बँड काढला, तेव्हा तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं आणि सर्व वयाच्या लोकांना प्रवेश द्यायचा, हा नेम त्याने वर्षानुवर्षं पाळला.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये ९२४ गिलमन स्ट्रीट ही जागा १९८६ च्या ३१ डिसेंबरला उघडली. तिथे दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही. वंश, स्त्रिया किंवा समलिंगी यांच्याबद्दल द्वेष चालणार नाही, हे भिंतीवर ठळक लिहिलेलं. काम स्वयंसेवकांनी करायचं, निर्णय सभेत घ्यायचे. ‘ग्रीन डे’ हा बँड इथेच वाढला. मोठ्या कंपनीशी करार केल्यावर इथल्या नियमानुसार त्यांना हा मंच बंद झाला, आणि २०१५ मध्ये एका मदतनिधी कार्यक्रमासाठी ते परत येऊन वाजवून गेले. नियम कडक होते, पण जागा टिकली ती त्या नियमांमुळेच. पंक म्हणजे बेबंदपणा असं मानणाऱ्यांनी गिलमनची ही नियमावली जरूर वाचावी.

न्यू जर्सीत या परंपरेने आणखी एक वळण घेतलं. रटगर्स विद्यापीठाच्या न्यू ब्रन्स्विकमध्ये विद्यार्थी भाड्याने राहतात त्या घरांची तळघरं हेच मंच झाले. ‘थर्सडे’, ‘गॅसलाइट अँथम’, ‘स्क्रीमिंग फीमेल्स’ हे बँड याच गावातून पुढे आले. तळघरातल्या कार्यक्रमाच्या पत्रकावर पत्ता बहुधा नसतोच. ओळखीच्या कुणाला तरी विचारून शोधायचा, कारण पत्ता छापला की पोलीस येतात. न्यू ब्रन्स्विकपासून एडिसन काही मैलांवर आहे, आणि त्या भागात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुलं याच शाळांत, याच विद्यापीठात शिकतात. तबला आणि गायनाच्या शिकवणीला मुलाला आठवड्यातून दोनदा गाडीने सोडणाऱ्या आई-वडिलांना त्याने पंक बँडमध्ये बेस वाजवणं हे वाया जाण्याचं लक्षण वाटतं. त्यांनी एकदा या कार्यक्रमांची मांडणी जवळून पाहावी. पत्रक काढणं, ध्वनियंत्रणा लावणं, पाहुण्या बँडच्या जेवणाची आणि झोपायची सोय करणं, दारावरचा हिशेब चोख ठेवणं, रात्री झाडून काढणं. हे सगळं एकोणीस-वीस वर्षांची पोरं करत असतात.

पालकांची एक काळजी मात्र रास्त आहे, आणि तिला पोकळ दिलासा देऊन चालणार नाही. ३० ऑक्टोबर २०१५ ला, हॅलोविनच्या आदल्या रात्री, बुखारेस्टच्या कोलेक्टिव क्लबमध्ये ‘गुडबाय टू ग्रॅव्हिटी’ या बँडच्या नव्या अल्बमचा कार्यक्रम होता. मंचावरच्या आतषबाजीमुळे क्लबमधल्या फोमने पेट घेतला. बाहेर पडायला एकच दार. ६४ माणसं गेली, त्यांत बँडमधल्या पाचपैकी चौघेजण होते. जनक्षोभापुढे रुमानियाच्या सरकारला पायउतार व्हावं लागलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ‘घोस्ट शिप’ या गोदामात लागलेल्या आगीत ३६ जणांनी प्राण गमावले. मुंबईने डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जीव गमावले.

अशा घटनांनंतर सोपा उपाय निघतो तो छोट्या जागांना टाळं ठोकण्याचा. पण टाळं लावल्याने मुलं वाजवायची थांबत नाहीत. ती आणखी आडबाजूच्या, आणखी असुरक्षित जागेत जातात. पत्ता न छापलेल्या तळघरात अग्निशमन दलाचा अधिकारी कधीच येणार नाही. उघडपणे चालणाऱ्या सभागृहात तो येतो, दुसरं दार मोकळं करून घेतो, माणसांची मर्यादा ठरवून देतो. सुरक्षितता हवी असेल तर या जागा कायद्याच्या उजेडात आणाव्या लागतील आणि त्यांना तिथे परवडेल अशा अटींवर राहू द्यावं लागेल.

पैशाचा प्रश्न आता मोठ्यांच्याही लक्षात आला आहे. ब्रिटनमध्ये छोट्या संगीतगृहांसाठी काम करणाऱ्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’च्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात तिथल्या १२५ जागांत संगीत बंद झालं. मोठ्या कार्यक्रमाच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड या जागांसाठी काढावा, ही मागणी तिथे मूळ धरत आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ज्या कोल्डप्लेला ऐकायला लोटालोट झाली, त्याच कोल्डप्लेने त्या वर्षीच्या वेम्बली आणि हलमधल्या कार्यक्रमांच्या आपल्या कमाईतला दहा टक्के वाटा या ट्रस्टला द्यायचं ठरवलं. स्टेडियम भरणारा बँड आधी कुठल्या तरी छोट्या खोलीत वाजवत असतो, हे त्यांनी मान्य केलं आहे. आपल्याकडच्या महोत्सवांच्या आयोजकांनीही हे मान्य करायला हरकत नाही.

मुंबई-पुण्यात हॅलोविन आता पबांच्या वेळापत्रकात आला आहे. मात्र गावातल्या बँडला उभं राहायला जागा राहिलेली नाही. १९८६ पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ ज्या रंगभवनात वर्षानुवर्षं गाजला, ते धोबी तलावचं खुलं सभागृह शांतता क्षेत्राच्या नियमामुळे अशा संगीताला बंद झालं. अंधेरीचं ‘बी६९’ ही छोट्या बँडना हक्काची वाटणारी जागाही गेली. ‘रायट पेडलर्स’सारखा थेट मुंबईच्या राजकारणावर गाणारा पंक बँड या शहरात होऊन गेला, हे आज किती महाविद्यालयीन मुलांना ठाऊक असेल? उरले ते पब. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. म्हणजे अमेरिकेतली कोंडी आपल्याकडे आणखी लांबली आहे.

यावरचा उपाय खर्चिक नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, ती योग्यच आहे, कारण शेजाऱ्यालाही झोप हवी. म्हणून कार्यक्रम दुपारी घ्यावेत. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये १९८० च्या दशकात हार्डकोर पंकचे कार्यक्रम रविवारी दुपारी व्हायचे, पुढे तिथल्याच एबीसी नो रिओमध्ये शनिवारी दुपारी. दारूचा धंदा नसलेल्या वेळी मुलांना मंच मिळायचा आणि संध्याकाळी ती घरी असायची. महापालिकांची सभागृहं आणि महाविद्यालयांचे हॉल रविवारी दुपारी पाच-पाच तास रिकामे असतात. ते माफक भाड्याने, अग्निसुरक्षेच्या तपासणीसह आणि दारूबंदीच्या अटीवर तरुण बँडना द्यावेत. अर्जाची खिडकी एकच असावी. महिन्यातून एक दुपार एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

वाचकांकडेही एक मागणं आहे. येत्या ऑक्टोबरअखेरीस एडिसनमध्ये असा, अंधेरीत असा की पुण्यात, आसपास असा कार्यक्रम होत असेल तर तिकीट काढून जा. कानांत बोळे घाला, आत शिरल्यावर बाहेर पडायची दारं पाहून ठेवा, आणि वेळेवर पोचा. पहिला वाजवणारा बँड बहुधा तुमच्याच गावातला असतो, आणि समोर सर्वांत कमी माणसं त्याच्याच वेळी असतात.