पांढरकवड्याला मुंबईमार्गे कशाला?

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या सिंगापूरच्या मंडळात तोच हिशेब सुरू होतो: सिंगापूर ते मुंबई सुमारे ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास. आकडा बरोबर आहे, पण तो दादर-ठाण्याच्या माणसाचा. ज्यांचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला आहे, त्यांनी तो धरून तिकीट का काढावं? सिंगापूरहून नागपूर सरळ रेषेत साधारण ३,४८० किलोमीटर. थेट विमान नाही, म्हणून आपण मुंबई गाठतो आणि तिथून ६८० किलोमीटर उलटे पूर्वेला येतो. बेरीज ४,६०० च्या घरात, म्हणजे अकराशे किलोमीटरचा वळसा. वर मुंबईत बॅगा ताब्यात घ्या, कस्टम्स उरका, देशांतर्गत काउंटरवर पुन्हा रांग लावा. नागपूरला उतरल्यावर गाडीने दीडशे किलोमीटर राहतातच.

हैदराबाद मात्र ३,३०० किलोमीटरवर, साडेचार तासांच्या आसपास, आणि थेट विमान आहे. शमशाबादच्या विमानतळावरून रिंग रोडने शहर टाळलं की नागपूर-हैदराबाद हायवे लागतो, म्हणजे जुना सात नंबर, आताचा ४४. तोच पांढरकवड्यावरून जातो. तिकिटावरच्या वेळांनी मात्र फसू नये. आपलं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे जाताना प्रवास दोन तासांचा वाटतो, येताना सात. (सूर्याच्या हिशेबाने पांढरकवडा आणि सिंगापूर यांत पावणेदोन तासांचंही अंतर नाही; १९८२ च्या आरंभी सिंगापूरने घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलं, त्याचाही हा परिणाम.)

यावर पहिला आक्षेप येतो तो रस्त्याचा. पावणेचारशे किलोमीटर गाडीत बसायचं, तेही आई-बाबांना घेऊन? आक्षेप खरा आहे. सहा-सात तास लागतात. पण मुंबईमार्गे दोन विमानांमधली ताटकळ, नागपूरची गाडी आणि विमान चुकण्याची धास्ती धरली तर वेळ क्वचितच वाचतो, आणि म्हाताऱ्या माणसाला विमानतळावरच्या लांबलचक चालण्यापेक्षा गाडीची सीट बरी. गुडघे फारच दुखत असतील तर हैदराबाद-नागपूर विमान घ्यावं. तो वळसाही जेमतेम २६० किलोमीटरचा पडतो. दुसरं म्हणणं असं की नागपूरहून थेट विमानाचीच मागणी करू. जरूर करावी. पण नागपूरहून परदेशी विमानं सुरू झाली ती दोहा-शारजाकडे, कारण आखातात जाणारा प्रवासी रोजचा आहे; आपण वर्षातून दोनदा, तेही सगळे एकाच आठवड्यात जातो. एवढ्यावर कुठली कंपनी मार्ग चालवेल, असं वाटत नाही.

रात्री उतरणाऱ्यांनी हैदराबादला मुक्काम करावा. सकाळी सातला निघालेली गाडी निर्मल, आदिलाबाद करत पैनगंगेचा पूल ओलांडते, पाटणबोरीला दुकानांच्या पाट्या मराठीत दिसू लागतात, आणि घरी ताटं मांडायची वेळ टळलेली नसते.