एकत्रीकरण कोणाचे?

शेतीच्या एकत्रीकरणाचा विषय महाराष्ट्राला नवा नाही. १९४७ साली मुंबई इलाख्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. तेव्हापासून बांध मोडावेत की राखावेत, ह्यावर आपण वाद घालीत आलो. दरम्यान एकत्रीकरण झाले ते भलत्याच ठिकाणी! २०१७ मध्ये डाऊ व ड्यूपॉन्ट एक झाल्या, केमचायनाने सिंजेंटा घेतली आणि २०१८ मध्ये बायरने मोन्सँटो गिळली. आष्टीच्या कोरडवाहू रानात कपाशी लावणाऱ्यास ही नावे परकी वाटतील. परंतु बियाण्याच्या पिशवीतून हा व्यवहार त्याच्या बांधापर्यंत केव्हाच येऊन पोहोचला आहे.

ह्याची झळ केवळ शेतकऱ्यास लागते, ही समजूत चुकीची आहे. रुई व सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला, सरकीचे तेल काढणारा गिरणीवाला, ढेपेचा व्यापारी ह्या सर्वांचा कच्चा माल पेरणीपूर्वीच बियाणे कंपनीच्या दफ्तरात ठरतो. मोन्सँटोचे तंत्र वापरून जालन्याच्या महिकोने आणलेल्या बीटी कपाशीस २००२ साली परवानगी मिळाली, आणि एका तपाच्या आत जुन्या वाणांची जागा संकरित बीटीने बहुतांशी व्यापली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने ते कवच भेदले तेव्हा दुसरे वाण सहजी हाताशी नव्हते. किडका, डागाळलेला कापूस जिनिंगमध्ये आला की रुईचा उतारा घटतो, प्रत ढासळते. जिनिंगवाला तो तोटा भाव पाडून खाली ढकलतो. आणि खाली शेतकऱ्यावाचून आहे कोण?

स्पर्धा आयोगाने बायरच्या व्यवहारास अटी घातल्या, केंद्राने २०१५ च्या आदेशान्वये कापूस बियाण्याचे दर बांधले, हे खरे. पण दर बांधल्याने पर्याय उगवत नाही. नांदेडच्या संशोधन केंद्रातून निघालेले ‘नांदेड ४४’ हे वाण एके काळी शेतकऱ्यांनी आपलेसे केले होते, आणि ते कोणा खाजगी कंपनीचे नव्हते. परभणीच्या कृषि विद्यापीठास ह्या कामी पैसा व माणसे देताना शासनाने हात आखडता घेऊ नये.

२०२२ मध्ये नगरहून आष्टीपर्यंत आगगाडी आली. बाजार जवळ आला खरा, तथापि एकेकट्याच्या चार-सहा क्विंटलांना तेथे कोणी विचारीत नाही. गावोगावचा कापूस प्रतवारीने गोळा करून पेरणीपूर्वीच जिनिंगवाल्याशी करार करणारा उत्पादकांचा संघ हवा. येत्या खरिपाआधी दोन्ही पक्षांना एकत्र बसविण्याचे काम तालुक्याच्या बाजार समितीने अंगावर घ्यावे, आणि कोणते बियाणे पेरावयाचे हा प्रश्न त्या बैठकीत सर्वांत आधी घ्यावा.