उमेदवारीचा कस

'उमेदवार' म्हटले की आज निवडणुकीच्या भिंतीवरील हसरा चेहरा डोळ्यांपुढे येतो. या शब्दाचा दुसरा अर्थ मात्र अधिक घरगुती आहे. वकिलाच्या कचेरीत, पेढीवर वा छापखान्यात नाममात्र वेतनावर अथवा बिनपगारी राहून काम शिकणाऱ्या तरुणाला मराठी माणूस उमेदवार म्हणत असे. आज ना उद्या आपली नेमणूक होईल ही उमेद, म्हणजे आशा, बाळगून तो राबत असे. आता त्या शब्दाची जागा 'इंटर्न' या शब्दाने घेतली आहे. शब्द बदलला तरी आशा तीच आहे, आणि आशेवर चालणाऱ्या व्यवहारात जो दुबळेपणा असतो तोही तोच आहे.

डिझाइनचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या घरी शेवटच्या सत्रात याचा प्रत्यय येतो. मुलीला पुण्यातील वा मुंबईतील एखाद्या स्टुडिओत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते. घरात पेढे वाटले जातात. चौथ्या महिन्यात वडील हळूच विचारतात, "कायम करतील ना?" मुलीपाशी उत्तर नसते, कारण हा प्रश्न तिने कार्यालयात कुणाला विचारलेलाच नसतो. बँकेत वा शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या पित्याला परिवीक्षाकाल ठाऊक असतो. त्याची मुदत, अहवाल आणि कायम झाल्याचा आदेश ठाऊक असतो. येथे यांपैकी काहीच नसते. खासगी डिझाइन महाविद्यालयांचे शुल्क लाखांच्या घरात गेलेले असते आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते दारात उभे असतात. म्हणूनच उमेदवारीचे रूपांतर नोकरीत कशाच्या बळावर होते, हा मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जावजी दादाजी यांचे स्मरण होते. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात हा गरीब घरचा मुलगा टाइप घासण्याच्या कामाला लागला. खिळे घासणे हे छापखान्यातील सर्वांत खालच्या पायरीचे काम. पण रोज तेच खिळे हाताळता हाताळता अक्षराची घडण त्यांच्या बोटांत उतरली. पुढे इतर छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ साली स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. रानोजी रावजी आरू यांच्या साह्याने घडलेले निर्णयसागरचे देवनागरी टाइप पुढे कित्येक दशके सुबकतेचा मानदंड ठरले. जावजींचे हातकाम क्षुल्लक होते, त्या कामाकडे पाहण्याची दृष्टी क्षुल्लक नव्हती. उमेदवारीचा खरा कस येथेच लागतो.

डिझाइन म्हणजे सजावट, हा गैरसमज आजही दृढ आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये आपला प्रसिद्ध अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतातील असंख्य वस्तूंमधून या दांपत्याने गौरवासाठी निवडला तो आपल्या घरातला साधा लोटा. त्यात पाणी किती मावावे, तो हातात कसा बसावा, डोक्यावरून वा कमरेवरून कसा नेता यावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपा कसा राहावा, त्याची किंमत काय पडावी, अशा प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. लोट्यावर कुणा एका कारागिराची सही नाही. पिढ्यांनी मिळून तो घडवला. वापरणाऱ्याचा असा विचार करणे म्हणजे डिझाइन. ज्या उमेदवाराला हे उमगते, तो स्टुडिओला हवाहवासा वाटू लागतो.

व्यवहारातले एक उदाहरण घ्यावे. एखाद्या पर्यटनसंस्थेची मराठी पुस्तिका तयार होत आहे. छायाचित्रे सुंदर, रंगसंगती निर्दोष. मथळ्यात 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे हवे, तेथे 'सह्याद्रीच्या दर्या' असे उमटले आहे. दर्या म्हणजे समुद्र. दोन्ही शब्द मराठीत शुद्ध असल्याने शब्दलेखन तपासणाऱ्या यंत्रणेला त्यात वावगे काही दिसत नाही. कुठे पहिली वेलांटी अक्षराच्या मागे सरकली आहे, कुठे जोडाक्षर तुटले आहे. मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श' ऐवजी हिंदी वळणाची अक्षरे आली आहेत. पानाच्या कडेला कापणीसाठी तीन मिलिमीटरची जागा सोडायची राहिली आहे. पडद्यावर झळकणारा निळा रंग कागदावर मलूल उतरणार आहे. हे सारे छपाईच्या आदल्या दिवशी कुणाच्या लक्षात येते? ज्याच्या लक्षात येते आणि जो सांगून न थांबता दुरुस्ती करून छापखान्यात फोन करतो, त्याच्या नेमणुकीचा निर्णय त्या दिवशी निम्मा झालेला असतो. तेच काम हजार प्रतींनंतर लक्षात आले, तर होणारे नुकसान त्या उमेदवाराच्या वर्षभराच्या विद्यावेतनाहूनही अधिक असू शकते.

या दक्षतेचे मोल आता अधिकच वाढले आहे. छायाचित्राची पार्श्वभूमी पुसणे, एकाच जाहिरातीचे दहा आकार करणे, बोधचिन्हाचे वीस कच्चे आराखडे काढणे ही कामे काल-परवापर्यंत नवख्यांकडे येत. याच कामांतून त्यांचा हात बसत असे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ती काही क्षणांत करतात. केवळ हात चालवणाऱ्या उमेदवाराची निकड त्यामुळे घटत आहे. परंतु वीस आराखड्यांपैकी कोणता टाकावा आणि का टाकावा, ग्राहक जे मागतो त्यामागे त्याची खरी गरज कोणती, हे यंत्र जबाबदारीने सांगत नाही. चूक झाल्यास ते ग्राहकासमोर जाऊन उभे राहत नाही. कायम नोकरी मिळते ती या उभे राहण्याची. रात्री उशिरापर्यंत कार्यालयात बसून राहणे म्हणजे निष्ठा, अशी अनेक तरुणांची समजूत असते. ती चुकीची आहे. ज्याच्यावर काम सोपवून वरिष्ठ निर्धास्त घरी जाऊ शकतो, तोच टिकतो.

मात्र सारा उपदेश उमेदवारालाच करणे हा न्याय नव्हे. दर सहा महिन्यांनी जुने उमेदवार निरोप देऊन घालवायचे आणि नवी तुकडी भरायची, हाच ज्या ठिकाणी व्यवसायाचा पाया आहे, तेथे प्रशिक्षण नसते. तेथे स्वस्त मजुरी असते. आपल्या परंपरेत शिष्याने गुरुगृही पाणी भरले, लाकडे फोडली. पण गुरूनेही विद्या हातची राखून ठेवू नये, हा त्या व्यवहाराचा अर्धा भाग होता. सेवा घ्यायची आणि विद्या द्यायची नाही, याला गुरुकुल म्हणत नाहीत.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी मानला जातो. त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर भरतीबाबतचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे आहे. या कायद्याखाली नोंद नसलेली इंटर्नशिप तर केवळ एका पत्राच्या आधारावर उभी असते. २०२४ साली केंद्राने पाच वर्षांत एक कोटी तरुणांसाठी इंटर्नशिप योजना जाहीर केली. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. मुदत संपत येताच राज्यातील प्रशिक्षणार्थींची मागणी एकच होती: कायम करा. योजना कोणतीही असो, प्रशिक्षण आणि नेमणूक यांच्यामधली दरी आपोआप भरून निघत नाही.

म्हणून विचारणा आरंभीच व्हावी, आणि ती लेखी असावी. विद्यावेतन किती, मार्गदर्शक कोण, मुदतीअखेर जागा निघण्याची शक्यता आहे काय, आणि निर्णय कोणत्या तारखेला कळेल, हे चार प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. निम्मी मुदत सरल्यावर आपले काय उणे आहे, हे वरिष्ठांना विचारावे. आणखी एका गोष्टीची जाण हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास नोकरीत वा शिकाऊ उमेदवारीत केलेल्या कामाचा प्रथम हक्क मालकाचा असतो. आपले काम पुढील मुलाखतीत दाखवता येईल ना, हे तेथून बाहेर पडण्यापूर्वी लिहून घेतलेले बरे. जेथे या साध्या प्रश्नांनाच कपाळावर आठ्या पडतात, तेथे सहा महिने घालवण्यापूर्वी घरच्यांनी मिळून फेरविचार करावा.

एवढे करूनही प्रत्येकाला कायम केले जाईल असे नाही. पाच-सहा माणसांच्या स्टुडिओला मनात असूनही सातवे वेतन झेपत नाही. अशा वेळी घरात सुतकी वातावरण पसरते आणि शेजारच्या मुलाचे दाखले निघू लागतात. त्याची गरज नाही. जावजीही ज्या छापखान्यात खिळे घासू लागले, तेथेच आयुष्यभर राहिले नाहीत. तेथून ते नेमणुकीचे पत्र घेऊन निघाले नव्हते; अक्षर ओळखणारी नजर घेऊन निघाले होते. सहा महिन्यांनंतर मुलगी घरी परतेल, तेव्हा "कायम केले का?" या प्रश्नाआधी वडिलांनी आणखी एक प्रश्न विचारावा: "काय शिकलीस?" या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी असेल, तर पहिल्याचे उत्तरही फार काळ लांबणार नाही.