‘तुरळक’ म्हणजे थोडा नव्हे



आईने ‘बघू’ म्हटले की मुलाला आशा वाटते. साहेबांनी ‘बघू’ म्हटले की अर्जदार समजतो, काम होत नाही. शब्द एकच, पण ऐकणारा आपल्या अनुभवाने अर्थ लावतो. एरवी हे चालून जाते. पावसाळ्यात मात्र महागात पडते.

कल्याणला वालधुनी नदीच्या काठी आमच्या ओळखीच्या एक ताई राहतात. एका पावसाळ्यात बातम्यांत सांगितले, ‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता.’ मी म्हणालो, ‘‘ताई, सामान वर ठेवा.’’ त्या हसल्या. ‘‘भाऊ, तुरळक म्हणजे चार थेंब. आणि शक्यताच आहे ना, नक्की कुठे आहे?’’ पहाटे घरात गुडघाभर पाणी! खाटेखालच्या पेटीत मुलीचा जातीचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका होती. दोन्हींचा लगदा झाला. नवीन काढण्यासाठी मायलेकींनी किती फेऱ्या मारल्या, ते मी पाहिले आहे.

ताईंना दोष कसा द्यावा? हवामान खात्याचा ‘तुरळक’ वेगळा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे शंभरातल्या पंचवीसपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत. हा शब्द पाऊस किती जागी पडेल ते सांगतो, किती जोराने पडेल ते नाही. जोर कळतो तो ‘मुसळधार’वरून. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे मुसळधार. तो थोड्याच जागी पडेल, पण ती जागा आपली वस्तीही असू शकते.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७३. त्याच वेळी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर, कल्याणकडे संसार वाहून गेले.

म्हणून अंदाज ऐकताना तीन प्रश्न विचारा. किती जागी? किती जोराने? खरा ठरला तर माझे काय जाईल? ‘शक्यता’ म्हणजे ‘नक्की’ नव्हे, पण ‘नाही’सुद्धा नव्हे. दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवायला पाच मिनिटे लागतात. पाऊस आला नाही, तर तेवढी पाच मिनिटेच गेली.