परक्या शब्दाचें नातेंगोतें

परकी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची वही उघडावी, तर डावीकडे परका शब्द व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, असे दोनच रकाने दिसतात. 'इन्व्हेर्नो' म्हणजे हिंवाळा. झालें पाठ, पुढचा शब्द! पालकही या वेगासच प्रगति समजतात. आमच्या वाचकांत इटालियन शिकणारे थोडेच असतील, परंतु घोकण्याची रीत सर्वत्र एकच. आणि ती आम्हांस तोट्याची वाटते.

हा 'इन्व्हेर्नो' लॅटिनमधील 'हीबेर्नुम्' या रूपापासून झाला. त्याच्या मुळाशीं 'हिएम्स्' हा थंडीचा वाचक शब्द आहे, व त्याचें संस्कृतांतील 'हिम' आणि 'हेमंत' यांच्याशीं सख्खें नातें आहे. आपले 'हिंव', 'हिंवाळा', फार काय, अंगांत कांपरें भरविणारा 'हिंवताप'सुद्धां त्याच 'हिमा'चे वंशज! रोमच्या बाजारांतील भाजीवाली आणि घाटावर शेकोटीपाशीं बसलेला आपला शेतकरी या ऋतूचें नांव घेतात, तेव्हां दोघेंही नकळत एकाच पूर्वजांचा शब्द उच्चारीत असतात.

या भाषांतील साम्य फार पूर्वीं ज्यांच्या ध्यानांत आलें, त्यांपैकीं एक फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा गृहस्थ होय. तो १५८३ सालीं मिऱ्यांच्या व्यापारानिमित्त हिंदुस्थानांत आला व १५८८ सालीं गोव्यांत वारला. संस्कृत 'सप्त, अष्ट, नव' आणि इटालियन 'सेत्ते, ओत्तो, नोव्हे', तसेच 'सर्प' आणि 'सेर्पे', यांचें साम्य त्यानें मायदेशीं पत्रांतून कळविलें. सर विल्यम जोन्स यांचें कलकत्त्याचें प्रसिद्ध व्याख्यान झालें तें त्यानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं, १७८६ सालीं.

अर्थात् प्रत्येक साम्य म्हणजे नातें नव्हे. 'इन्व्हेर्नो'तील एक अक्षर बदलून 'इन्फेर्नो' म्हटलें, कीं हिंवाळ्याचा थेट नरक होतो! या दोन शब्दांचीं मुळें अगदीं निराळीं आहेत.

शिवाय, अर्थही रकान्यांत पुरता मावत नाहीं. आपले हेमंत व शिशिर हे दोन ऋतु इटलींत एका 'इन्व्हेर्नो'नें भागतात. त्या दिवसांत आल्प्सवर बर्फ पडतें, पो नदीच्या खोऱ्यांत धुकें दाटतें, तर सिसिलींत संत्रीं पिकतात. याहून मौज पोर्तुगीजांची. त्यांच्या भाषेंतही शब्द 'इन्व्हेर्नो' हाच; परंतु त्यांच्या देशीं पाऊस थंडींत पडतो, म्हणून गोव्यांत आल्यावर त्यांनीं आपल्या पावसाळ्यासच तें नांव दिलें. दोन रकान्यांच्या वहीवर विसंबून जुने पोर्तुगीज वृत्तांत वाचणारास ऐन आषाढांत गोव्यांत हिंवाळा पडलेला आढळेल!

वहींत तिसरा रकाना आंखावा, अशी आमची सूचना आहे. त्यामुळें दिवसाला वीस शब्दांऐवजीं पांचच होतील, हें खरें. पालकांनीं तेवढें सोसावें. 'इन्व्हेर्नो'पुढें त्या रकान्यांत पो नदीचें धुकें लिहावें, कीं आपला हिंवताप, हें ज्याचें त्यानें ठरवावें.