ॲनफिल्डचा आवाज येतो कुठून? आणि तो महाग का होतोय?

7 मे 2019. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतला पहिला सामना लिव्हरपूल बार्सिलोनाकडून 3-0 असा हरलं होतं. घरच्या सामन्यात सालाह आणि फिर्मिनो दोघंही दुखापतीमुळे बाहेर. तरी लिव्हरपूल 4-0 जिंकलं आणि अंतिम फेरीत गेलं. 'ॲनफिल्डवर काहीही होऊ शकतं' असं चाहते म्हणतात, ते अशा रात्रींमुळे. पण यात जादू नाही. या आवाजामागे ठोस कारणं आहेत आणि त्यातलं एक थेट तिकिटाच्या किमतीशी जोडलेलं आहे.

हे मैदान आधी कोणाचं?

एव्हर्टनचं! 1884 पासून लिव्हरपूलचा हा कट्टर प्रतिस्पर्धी इथेच खेळायचा. जागेचे मालक जॉन होल्डिंग यांच्याशी भाड्यावरून वाद झाला आणि 1892 मध्ये एव्हर्टन जवळच्याच गुडिसन पार्कवर गेलं. होल्डिंग यांच्याकडे उरलं रिकामं मैदान. मग त्यांनी नवा क्लब काढला, लिव्हरपूल. म्हणजे इथे मैदान आधी आलं, क्लब नंतर.

'कॉप' म्हणजे काय?

गोलपोस्टमागचा प्रसिद्ध स्टँड. जानेवारी 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवर बोअर युद्धातली भीषण लढाई झाली. त्यात इंग्लंडच्या लँकेशायर भागातले अनेक सैनिक मारले गेले. त्याच रणांगणावर मोहनदास गांधी भारतीय रुग्णसेवा पथकासोबत जखमींना वाहून नेत होते. 1906 मध्ये ॲनफिल्डवर उंच उतरता स्टँड उभा राहिला, तेव्हा स्थानिक पत्रकार अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला या टेकडीचं नाव सुचवलं.

1928 मध्ये कॉपवर छप्पर आलं. जवळपास 30 हजार माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि आवाज छपराखाली घुमायचा. तिकीट कामगारांना परवडणारं होतं. त्यामुळे तीच माणसं दर आठवड्याला त्याच जागी यायची. 1963 मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्स या बँडने 'यूल नेव्हर वॉक अलोन' गायलं आणि कॉपने ते कायमचं आपलंसं केलं.

उभं राहणं बंद का झालं?

15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या 97 चाहत्यांचा जीव गेला. त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येकासाठी आसन असावं अशी शिफारस केली. 1994 मध्ये उभ्याचा कॉप इतिहासजमा झाला. नव्या कॉपमध्ये साधारण 12 हजार खुर्च्या बसल्या. सुरक्षेसाठी बदल गरजेचाच होता. पण खुर्च्यांसोबत तिकिटंही महागली, आणि त्याचं समर्थन सुरक्षेच्या नावाने करता येणार नाही.

प्रेक्षकच नसतील तर?

याचं उत्तर कोरोनाने दिलं. लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगचे सलग 68 सामने हरलं नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये ही मालिका तुटली आणि रिकाम्या ॲनफिल्डवर संघ सलग सहा लीग सामने हरला. व्हॅन डाइकसह प्रमुख बचावपटू जखमी होते, हे खरं. पण मैदान तेच, गवत तेच, फक्त माणसं नव्हती. हा निव्वळ योगायोग होता, असं मला वाटत नाही.

77 व्या मिनिटाला काय झालं?

फेब्रुवारी 2016. नव्या मेन स्टँडमधल्या सर्वांत महाग तिकिटाची किंमत 77 पाउंड जाहीर झाली. सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात 77 व्या मिनिटाला हजारो चाहते उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल 2-0 ने पुढे होतं. सामना सुटला 2-2 असा. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत 30 पाउंड ठरवली.

मग आपला काय संबंध?

मुंबई-पुण्यात रात्री जागून मॅच पाहणारे आपण याच बाजारातले गिऱ्हाईक आहोत. आयुष्यात एकदा ॲनफिल्डला जायचं म्हणून आपण जास्त पैसेही मोजू. त्यात गैर काही नाही. पण क्लबने हिशेब फक्त आपल्या खिशावरून केला, तर शेजारच्या गल्लीतला पोरगा बाहेरच राहील. आपण एकदा जाऊन मोबाइलवर व्हिडिओ काढू, तो मात्र वर्षभर घसा फोडून ओरडेल. ज्या आवाजासाठी आपण जाणार, तो त्याचाच आहे.

ॲनफिल्डची क्षमता आता सुमारे 61 हजार झाली आहे. कॉपमध्ये रेलिंगच्या आधाराने सुरक्षित उभं राहण्याची सोयही परत आली आहे. आता मोठा हिस्सा स्थानिक तरुणांसाठी स्वस्तात राखून ठेवायला हवा. त्यापायी आपल्याला तिकीट मिळायला आणखी काही वर्षं लागली, तरी चालेल.