शमी आणि वेडी बाभूळ

गणपतीस वाहावयाची पत्री निवडतांना जिचीं बारीक पानें आपल्या घरच्या गृहिणी जपून वेगळीं ठेवतात, ती शमी राजस्थानच्या वाळवंटांत ‘खेजडी’ या नांवानें उभी असते. आपल्याकडे ती पूजेपुरती. तेथें ती संसाराचा आधार. तिचीं मुळें खोल ओलाव्यापर्यंत जातात, तिच्या आसऱ्यास बाजरी बरी पिकते, पाला शेळ्या-उंटांस होतो आणि कोंवळ्या शेंगांची भाजी माणसांच्या ताटांत येते. जोधपुराजवळील खेजडली गांवीं १७३० सालीं राजाचीं माणसें हीं झाडें तोडण्यास आलीं, तेव्हां अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं झाडांस मिठ्या मारून प्राण दिले.

वाळवंट म्हणजे मृत भूमि, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. तेथें उणीव असते ती पावसाची, जीवांची नव्हे. वाळूचें टेंकाड सरकूं लागतें तें बहुधा त्यावरील गवत व झुडुपें चराईनें किंवा तोडीनें नाहींशीं झाल्यावर. जोधपुरास १९५२ सालीं मरुवनीकरणाचें केंद्र निघालें व १९५९ सालीं त्याची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था झाली. तेथें घालून दिलेला क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आधीं कुंपण घालून गुरें थोपवावयाचीं. मग वाऱ्यास आडव्या अशा वाळक्या फांद्यांच्या ओळी वाळूंत रोवावयाच्या. आणि वाळू स्थिर झाली म्हणजे पावसाच्या आरंभीं रोपें व गवत लावावयाचें.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, याचाही दाखला आहे. विलायती बाभूळ ही शमीच्याच वंशांतली, पण अमेरिका खंडांतून आलेली. थोड्या पाण्यावर ती झपाट्यानें वाढते, म्हणून जोधपूर संस्थानानें १९४० सालीं तिला राजवृक्षाचा मान दिला. पुढें १९६० च्या सुमारास कच्छांतील बन्नी या विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत, रणाचा खारटपणा थोपवावा या सद्धेतूनें, तिची लागवड झाली. गुरांनीं तिच्या गोड शेंगा खाल्ल्या, बीं शेणावाटे सर्वत्र पडलें आणि गवताची जागा कांटेरी रानानें घेतली. मालधारी लोकांच्या म्हशींचें व कांकरेज गाईंचें कुरण आटलें. कित्येक गरीब आज तिच्या कोळशावर पोट भरतात, हें खरें. तरी तिकडे तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, आणि आपल्याकडेही तिचें नांव ‘वेडी बाभूळ’ असेंच पडलें आहे.

झाडें लावूं नयेत, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पण पावसाळ्यांत मुलें उत्साहानें रोपें घेऊन माळावर निघतात, तेव्हां घरांतील वडील माणसांनीं त्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा : हा माळ खरोखर ओसाड आहे, कीं त्यावरील गवत आपणांसच दिसत नाहीं? सोलापूर-नगरकडील माळांवर धनगरांचीं मेंढरें चरत आलीं आहेत. माळढोक पक्ष्याचें घरही तेंच. या प्रश्नाचें उत्तर देण्यास धनगराएवढा जाणता गुरु मिळणार नाहीं. त्यास आधीं विचारावें, आणि मगच खड्डा खणावा.